पाणी कुठले, यावर औषधाचे आयुष्य

राजुरा तालुक्यात आमच्या मामूंचे घर आहे. तो सारा चुनखडीचा पट्टा. जवळच गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने उभे आहेत, ते याच दगडावर. त्या घरी गेलो की मामीची एक तक्रार ठरलेली असते: "बेटा, वुजूचा लोटा घासून घासून हात गेले, पण पांढरा थर काही जात नाही." केटलीत तोच थर, बोअरच्या नळाच्या तोंडाशी तोच. आम्ही हसायचो आणि चहा प्यायचो. या थराचा शेताशीही काही संबंध असेल, हे डोक्यात आले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मामूंनी भेंडीवर फवारायला मॅलेथिऑन आणले. संध्याकाळी ड्रममध्ये बोअरचे पाणी भरून त्यात औषध कालवून ठेवले, म्हणजे पहाटे वेळ वाचेल. रात्री पाऊस लागला, दुसऱ्या दिवशी मजूर आले नाहीत, आणि ते तयार पाणी तिसऱ्या दिवशी सकाळी फवारले गेले. मावा, तुडतुडे जसेच्या तसे. मामूंनी दुकानदाराला बनावट माल दिला म्हणून शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या फवारणीला माप दुप्पट केले. त्या संध्याकाळी फवारणाऱ्या मुलाला मळमळ आणि डोकेदुखी. रात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागले. अल्लाहची मेहर, दोन दिवसांत तो सावरला.

आता औषध बनावट नव्हते असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण संशय घ्यायला आणखी एक जागा होती, ती म्हणजे ड्रम. आम्ही पीएच मोजायची कागदी पट्टी त्या बोअरच्या पाण्यात बुडवली. रंग ८ आणि ९ च्या मध्ये आला.

पीएच म्हणजे पाणी आंबट बाजूचे की खाऱ्या-साबणी बाजूचे, याचे माप. ७ म्हणजे समतोल, खाली आम्ल, वर अल्कली. यात एक गोम आहे, ती शाळेत शिकूनही आपण विसरतो: एक अंक म्हणजे दहापट फरक. ७ पेक्षा ९ हे 'थोडे जास्त' नाही, शंभरपट आहे. आणि अशा पाण्यात कित्येक कीटकनाशकांचे रेणू तुटतात. पाणीच त्यांना फोडते.

हे किती वेगाने होते ते मोजायची जगभर मान्य झालेली एक पद्धत आहे. १९८१ साली ती ठरली आणि २००४ साली सुधारली गेली. पीएच ४, ७ आणि ९ असे तीन प्रकारचे पाणी घेतात. त्यात असे क्षार घातलेले असतात की पीएच मध्येच हलू नये. पाणी जंतुविरहित करतात, नाहीतर औषध पाण्याने फोडले की जंतूंनी खाल्ले ते कळायचे नाही. बाटल्या अंधारात ठेवतात, म्हणजे दोष उन्हावर जायला नको. आधी ५० अंशांवर ५ दिवस. एवढ्यात १० टक्क्यांहून कमी फुटले तर ते रसायन पाण्यात टिकाऊ मानतात. जास्त फुटले तर वेगवेगळ्या तापमानांवर पुढची तपासणी करतात. ५० अंश ऐकून दचकू नका, चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हातल्या ड्रमचे पाणीही काही थंड नसते. तापमान १० अंशांनी वाढले की फुटण्याचा वेग साधारण दोन-तीन पट होतो.

आकडे बोलके आहेत. खोलीच्या तापमानाला, पीएच ७ असलेल्या पाण्यात मॅलेथिऑन निम्मे व्हायला सुमारे ६ दिवस लागतात. पीएच ९ वर अर्धा दिवस पुरतो. म्हणजे मामूंचे औषध तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून अधिक निकामी झाले असणार. कार्बारिल, म्हणजे जुन्या लोकांचे सेव्हिन, पीएच ७ वर १२ दिवसांत निम्मे होते, पीएच ९ वर अवघ्या तीन तासांत. (हेच सेव्हिन भोपाळच्या त्या कारखान्यात बनत होते. १९८४ च्या रात्री तिथल्या टाकीत पाणी शिरले ते सेव्हिनच्याच कच्च्या मालात. आपल्याकडे २०१८ पासून कार्बारिलवर बंदी आहे.)

मग पाण्यात लिंबूसत्त्व टाकून मोकळे व्हावे का? नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात तणनाशके वापरतात, त्यांतला सल्फोनिलयुरिया हा गट नेमका उलट वागतो, आम्ल पाण्यात तो लवकर फुटतो. तांब्याची बुरशीनाशके आम्ल पाण्यात घातली तर तांबे जास्त सुटते आणि पाने करपतात. आणि बोर्डो मिश्रणात चुनाच असतो, तेव्हा त्याच पंपात मॅलेथिऑन ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. म्हणून आधी पट्टी, मग लेबल, मग कृषी विज्ञान केंद्रात विचारणा. चंद्रपूर जिल्ह्यासाठी सिंदेवाहीला, गडचिरोलीसाठी सोनापूरला केंद्र आहे. हळदीची परीक्षा घरोघर ठाऊक आहे, साबण लागला की डाग लाल होतो, पण ती ढोबळ आहे. ८ आणि ९ मधला फरक तिच्यावर सोडू नये.

दुसरी बाजू जास्त काळजीची. जे पाणी साबणी नाही, तिथे विष टिकते. डायमेथोएट, ज्याला शेतकरी रोगर म्हणतात, पीएच ९ वर साडेचार दिवसांत निम्मे होते. पीएच ७ वर त्याला सुमारे ६८ दिवस लागतात. तळ्यात ऊन आणि सूक्ष्मजीव असतात, तिथे ते याहून लवकर संपेल. पण उरलेले औषध आणि पंप धुतलेले पाणी माजी मालगुजारी तलावात सोडणारे हात आम्ही पाहिले आहेत. त्याच तलावात मासे, शिंगाडे आणि जनावरांचे पाणी. शिवाय 'फुटले' म्हणजे 'निरुपद्रवी झाले' असेही नाही. फुटून काय तयार झाले, तेही त्या तपासणीत पाहावे लागते.

गडचिरोलीत हाच प्रश्न घराच्या भिंतीवर येतो. हिवतापासाठी घरात फवारणी होते. राष्ट्रीय कार्यक्रमात डीडीटीच्या वर्षाला दोन फेऱ्या, मॅलेथिऑनच्या तीन. कारण ते भिंतीवर कमी टिकते. चुना अल्कली, मातीची भिंत औषध शोषून घेते. म्हणून फवारणीनंतर ईद जवळ आली तरी लगेच चुना मारू नका, सारवू नका. आरोग्य कर्मचारी सांगतात ते उगाच नाही.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेला कापूस, दोन-तीन औषधांची मिसळ, तोंडाला फडके नाही, अशी बरीच कारणे तेव्हा पुढे आली. पाण्याचा पीएच त्यात होता असे आम्ही म्हणत नाही. पण 'औषध लागू पडत नाही, माप वाढवा' हा विचार आम्ही आमच्याच घरात पाहिला, आणि त्याची किंमत त्या मजूर मुलाने मोजली असती.

मामू आता जेवढे पाणी तासाभरात संपेल तेवढेच कालवतात, आणि पावसाचे पाणी एका टाकीत वेगळे धरतात. त्यातला एक घडा मामीने लोट्यांसाठी मागून घेतला आहे.