रडवलं म्हणजे सिनेमा चांगला झाला का?

क्रांती चौकात आम्ही जमतो ते बहुतेक वेळा मोर्चासाठी. प्रश्न शिष्यवृत्तीचा असो, गायरान जमिनीचा असो, नाहीतर एखाद्या गावातल्या अत्याचाराचा, शहरातला मोर्चा इथूनच निघतो. शिवरायांच्या पुतळ्याला अभिवादन, दोन भाषणं, घोषणा, आणि मग विभागीय आयुक्त कार्यालयाकडे. परंतु मोर्चा नसतो त्या रविवारीही आमच्यातले सात-आठ जण उड्डाणपुलाजवळच्या टपरीवर चहाला भेटतात. एक जण विद्यापीठात पीएच.डी. करतो, एक वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहे, एक मैत्रीण कायदा शिकते, दोघे स्पर्धा परीक्षेत चार वर्षं घालवून आता क्लास घेतात. इथे निवेदन नसतं, ठराव नसतो. या आठवड्यात कुणी कोणता सिनेमा पाहिला, एवढंच बोलणं असतं. या गप्पांना आम्हीच आजवर टाइमपास म्हणत आलो. ते म्हणणं आम्ही मागे घेतो.

कारण घडलं 'होमबाऊंड'चं. नीरज घायवान यांचा हा सिनेमा २६ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा आमच्यापैकी दोघांनीच थिएटरात पाहिला, बाकीच्यांनी पुढे मोबाइलवर. वाळूजचा मित्र म्हणाला, "भारी आहे, लय रडवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपणारच होता, तेवढ्यात कायद्याची मैत्रीण म्हणाली, "दादा, मेलेला दलित आपण अजून किती वेळा बघायचा?"

मग तासभर वाद झाला.

तिचं म्हणणं खोटं नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या'पासून बघा. देविका राणीची कस्तुरी भांडण थांबवायला रुळावर धावते आणि मरते. १९५९ च्या 'सुजाता'मध्ये नूतन मरत नाही, पण जिने तिला कधी मुलगी म्हणून जवळ घेतलं नाही त्या आईसाठी तिला स्वतःचं रक्त द्यावं लागतं, तेव्हा कुठे ती माणूस ठरते. सत्यजित रायांच्या 'सद्गती'त दुखी लाकूड फोडता फोडता मरतो आणि पंडित त्याचं प्रेत दोरीने ओढत नेतो. 'सैराट'मध्ये शेवटी उरतात ती लहान बाळाची पावलं. हे सगळे सिनेमे एका मापाचे आहेत असं आम्ही म्हणत नाही. 'सद्गती' पाहून सवर्ण प्रेक्षकाला लाज वाटावी अशीच त्याची रचना आहे, आणि 'सैराट'ने महाराष्ट्रातल्या घराघरांत आंतरजातीय लग्नावर भांडणं लावली. तरीही हिशेब राहतोच. आमचा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक रुमाल काढून बसतो. तो रडतो, हलका होतो आणि घरी जातो. उद्या त्याच्याच सोसायटीत भाड्याने खोली मागायला आलेल्या पोराला तो आडनाव विचारणार नाही, याची हमी त्या रडण्यात कुठे आहे?

वाळूजचा मित्र ऐकून घेणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, "ताई, तुला मेलेला दिसला. मला चालणारा दिसला." लॉकडाऊनमध्ये त्याच्या ठेकेदाराने फोन बंद केला होता आणि तो दोन दिवस चालत गावी गेला होता. आणि मग त्याने जालना रोडकडे हात केला. हाच रस्ता क्रांती चौकातून निघतो आणि पुढे करमाडला जातो. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं, त्यांत बरेचसे आदिवासी. रुळावर विखुरलेल्या भाकरींचे फोटो देशभर फिरले. या शहरातून त्यांच्यासाठी किती मोर्चे निघाले? आम्ही त्या वेळी घरात होतो, सगळेच होते, हे खरं. पण टाळेबंदी उठल्यावरही आम्ही क्रांती चौकात त्यांच्या नावाने उभे राहिलो नाही. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातल्या दोन मित्रांची खरी गोष्ट सिनेमात आली आणि तेव्हा आम्हाला आमचं करमाड आठवलं. मरण दाखवूच नये असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

मग बरोबर कोण? आमचं मत असं की दोघेही चुकीच्या प्रसंगावर भांडत होते. 'होमबाऊंड'मधला आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रसंग शेवटचा नाहीच. चंदन पोलीस भरतीचा अर्ज भरतो. राखीव प्रवर्ग त्याचा घटनादत्त हक्क आहे, तरी तो खुल्या प्रवर्गातून भरतो. कुणी पूर्ण नाव विचारलं की 'कुमार' म्हणून थांबतो. यात ना रक्त आहे, ना हुंदका. आणि नेमका हाच प्रसंग आमच्यापैकी कुणी आधी काढला नव्हता.

तो निघाला तेव्हा टपरीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग पीएच.डी. करणारा मित्र म्हणाला की, या शहरात पहिली खोली घेताना त्याने मालकाला आडनाव सांगितलं नव्हतं, वडिलांचंच नाव आडनाव म्हणून सांगितलं होतं. वर्षभर खोलीत बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर न लावता बॅगेत ठेवला. क्लास घेणाऱ्या दोघांपैकी एकाने सांगितलं की, पालकांनी विचारू नये म्हणून तो पाटीवर फक्त 'सर' लिहितो. हे लोक १४ एप्रिलला भडकल गेटवर सगळ्यांत पुढे असतात. नामांतराच्या लढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली ही पिढी आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी घरंदारं जाळून घेतली, १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागलं, त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या पोराने स्वतःचं नाव लपवावं? आम्ही त्याला दोष देत नाही. खोली मिळाली नसती तर त्याचं शिक्षण थांबलं असतं. आम्ही एवढंच नोंदवतो की, ही गोष्ट दहा वर्षांच्या मैत्रीत कधी बोलली गेली नव्हती. ती एका सिनेमातल्या अर्जाच्या रकान्यामुळे बोलली गेली. 'रडवलं' म्हणून उठलो असतो तर तीही राहिली असती.

'धडक २' बद्दल थोडक्यात. पहिल्या 'धडक'ने २०१८ मध्ये 'सैराट'मधली जातच काढून टाकली होती, त्यामुळे दुसऱ्याकडून आम्हाला अपेक्षा शून्य होती. परंतु शाझिया इक्बाल यांनी मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल'चा कणा बराचसा शाबूत ठेवला. कायद्याचा विद्यार्थी नीलेश शेवटी जिवंत राहतो आणि उलटून उभा राहतो, म्हणून आमची मैत्रीण खूश. मग दलित दिसावा म्हणून नायकाचा चेहरा काळवंडवण्याची काय गरज होती? आमच्यात गोरे-काळे सगळे आहेत. जात कातडीवर दिसत असती तर घरमालकांना आडनाव विचारायची वेळच आली नसती. दिग्दर्शक आपला की परका एवढ्यावरच निकाल देणारे आमच्यातही आहेत. आम्हाला तो निकष पुरेसा वाटत नाही, निरुपयोगीही वाटत नाही.

आता 'छावा'. संभाजी महाराजांविषयी आम्हाला नितांत आदर आहे, आणि सिनेमा पाहून डोळे भरून येणाऱ्यांची आम्ही टिंगल करणार नाही, आमचेही आले. पण डोळे पुसून बाहेर पडल्यावर ते पाणी कुठे वळवलं गेलं? पंचवीसेक किलोमीटरवरच्या खुलताबादेत कबरीभोवती पोलीस उभे राहिले. १७ मार्च २०२५ ला कबर हटवण्यासाठी राज्यभर आंदोलनं झाली आणि त्याच दिवशी नागपुरात दंगल पेटली. या सिनेमाने लोकांच्या भावना पेटल्या, असं मुख्यमंत्री स्वतः विधिमंडळात म्हणाले. आमचा प्रश्न साधा आहे. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. तिच्यावरून २०१७ च्या डिसेंबरअखेर वाद पेटवला गेला आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला निघालेल्या आमच्या माणसांवर दगड पडले. संभाजी महाराजांवरचा सिनेमा पाहून बाहेर आलेल्या किती जणांच्या तोंडी वढूचं नाव होतं? आमच्याही तोंडी नव्हतं. थिएटरच्या पायऱ्यांवर आम्ही विकी कौशलच्या अभिनयावर बोलत होतो.

आणि शेवटी 'फुले'. इथे कबुली द्यायची आहे.

अनंत महादेवन यांचा हा सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी ट्रेलर पाहून आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले, 'तीन हजार वर्षांची गुलामी' च्या जागी 'अनेक वर्षांची' करायला लावलं. सिनेमा दोन आठवडे लांबला. मित्रांनो, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी. हे दोन शब्द काढले तर त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या निबंधाचं नावसुद्धा उच्चारता येत नाही! गुलामीचं वय गाळलं की तिचा जन्मदाताही गळतो. हे सगळं आम्ही तेव्हा तावातावाने मांडलं. पोस्ट लिहिल्या. क्रांती चौकात फलक धरला. सिनेमा न पाहता आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही अज्ञानी म्हटलं.

२५ एप्रिलला सिनेमा लागला. आमच्यापैकी किती जण पहिल्या तीन दिवसांत गेले? एक. तोही वडिलांना घेऊन जायचं म्हणून. कुणाचं लग्न होतं, कुणाची शिफ्ट, कुणी म्हणालं गर्दी ओसरू दे. ओसरायला गर्दी होती कुठे? शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारपासून शो कमी होतात, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण मिळून गेलो तेव्हा खिडकीवर सांगण्यात आलं की आता सकाळचा एकच शो आहे, तो सुटला. परत येताना औरंगपुऱ्यात फुल्यांच्या पुतळ्यापुढून गाडी काढली, तेव्हा कुणी हात जोडले नाहीत. पुढे सिनेमा पाहिला तो मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत. मत विचाराल तर सिनेमा सरळ आहे, कुठे कुठे पाठ्यपुस्तकासारखा चालतो, प्रतीक गांधी आणि पत्रलेखा दोघेही मनापासून उभे राहिले आहेत. पण हे मत आम्ही एप्रिलमध्येच द्यायला हवं होतं. तेव्हा आम्ही दिलं ते न पाहिलेल्या सिनेमाचं मत होतं. आक्षेप घेणाऱ्यांनी दिलं तेही तसंच होतं.

कुणी म्हणेल, चळवळीला सिनेमाची एवढी काय पडली आहे. अशांना एवढंच सांगतो की, आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' काढला तेव्हा १९५४ साली त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः गेले होते. त्या माणसाकडे काय वेळ जास्त होता? 'श्यामची आई'चं सुवर्णपदक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. त्याच अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला पुढच्याच वर्षी राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही परवा-परवा कळलं.

आमच्या रविवारी आता एक अट घातली आहे. पाहिला नसेल त्याने फक्त ऐकायचं. पाहिला असेल त्याने 'भारी' किंवा 'फालतू' म्हणायला हरकत नाही, पण त्यानंतर एक प्रसंग सांगायचा, जो पाहताना स्वतःचं काहीतरी आठवलं. पहिल्या रविवारी तिघेच बोलले. वाळूजचा मित्र शिफ्ट बदलून आला आणि त्याने रडण्याचा विषयच काढला नाही. 'झुंड'मधली जयंतीची मिरवणूक त्याने अशी सांगितली की, टपरीवाले काकाही चहा गाळायचे थांबले.

येत्या रविवारी 'फँड्री' पुन्हा पाहायचा आहे. प्रोजेक्टर पीएच.डी.वाल्याकडे आहे, तो आता जिथे राहतो त्या खोलीत फोटो भिंतीवर आहे. पांढरी चादर वाळूजहून येईल. यायचं असेल त्यांनी सहा वाजता क्रांती चौकात यावं, इथून एकत्र जाऊ.

जयभीम.