परत कुठं जाणार?



‘आय-20’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी निम्म्या वाचकांच्या पोटात अजून गोळा येतो. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीबाहेरची ती पहाटेची रांग, काखेत फाइल, फाइलमध्ये काकांच्या बँकेचं पत्र, आणि खिडकीपलीकडून येणारा तो प्रश्न : शिक्षण संपल्यावर परत जाणार ना? आपण ठामपणे ‘हो’ म्हणालो. (पुढं काय झालं, ते या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची यादीच सांगते!)

हा प्रश्न अधिकाऱ्याच्या लहरीतून येत नाही, विद्यार्थी-व्हिसाच्या कायद्यातच तो आहे. मायदेशी आपलं घर आहे आणि ते कायमचं सोडण्याचा इरादा नाही, हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. आता त्या खिडकीपुढं सारायेव्होचा मुलगा उभा करून पाहा. एप्रिल 1992पासून शहराला वेढा पडलेला. त्याच ऑगस्टमध्ये तोफांच्या माऱ्यात राष्ट्रीय ग्रंथालय जळून गेलेलं. घर शिल्लक आहे की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. त्यानं काय सांगावं?

तरीही अशी मुलं इथं आली. न्यूयॉर्क राज्यातल्या नायाक गावच्या ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संस्थेनं 1993 साली ‘बोस्नियन स्टुडंट प्रोजेक्ट’ सुरू केला. रीत अगदी घरगुती : कॉलेजनं फी माफ करायची आणि जवळच्या एखाद्या कुटुंबानं मुलाला आपल्या घरी ठेवायचं. अशा रीतीनं दीडशेच्या आसपास विद्यार्थी अमेरिकेत शिकायला आले. त्या युद्धात वीस लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. त्यापुढं दीडशे म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. आम्हाला तो आकडा लहान वाटत नाही. सरकारं परिषदा भरवत असताना दीडशे मुलांसाठी कुणीतरी वरच्या मजल्यावरची खोली झाडून घेतली होती.

त्या खोलीला कागदोपत्रीही किंमत असते बरं का! आय-20 देण्याआधी कॉलेज पहिल्या वर्षाच्या खर्चाचा हिशेब मागतं. फी माफ झाली तरी राहण्या-जेवणाचे हजारो डॉलर उरतातच. एखाद्या कुटुंबानं ‘हा मुलगा आमच्याकडे राहील, जेवेल’ असं लिहून दिलं की तो आकडा खाली येतो. आई-वडिलांना बोलावताना आपल्यातल्या अनेकांनी भरलेला आय-134 फॉर्म विद्यार्थ्यासाठीही चालतो. म्हणजे ही विद्या आपल्याला येते!

आणि युद्धातून आलेल्या मुलांना जागा देणं मराठी मातीला नवं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पोलिश शाळासुद्धा तिथं भरत होत्या.

2022मध्ये युक्रेनमधून आपली मेडिकलची मुलं ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी परतली. त्यांना परत जायला घर होतं. काबूलच्या मुलीचं तसं नाही. तिथली अमेरिकन वकिलात ऑगस्ट 2021मध्ये बंद झाली, म्हणजे मुलाखतीसाठीच आधी दुसरा देश गाठा. डिसेंबर 2022मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठाची दारं बंद केली. इथल्या कॉलेजांना निर्वासित विद्यार्थ्यांची जबाबदारी घेता यावी म्हणून 2023मध्ये अमेरिकन सरकारनं एक योजना आणली खरी, पण जानेवारी 2025मध्ये निर्वासितांचा प्रवेशच थांबवला गेला आणि तीही गुंडाळली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अफगाणिस्तान, सुदान, येमेन, म्यानमार धरून बारा देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली. थोडे अपवाद सोडले तर विद्यार्थीही त्यात आले. याला सुरक्षा म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलीला वर्गाबाहेर ठेवून कोण सुरक्षित झालं, हे आम्हाला काही कळलेलं नाही.

पण जी मुलं आधीच इथं पोचली आहेत, त्यांचं काय? घरून पैसे येणं बंद, सुट्टीत घरी जाणं अशक्य. त्यात डिसेंबरमध्ये अनेक कॉलेजांची डॉर्म्स तीन-चार आठवडे चक्क बंद होतात! आपल्या मुलीमुलांनी तेवढ्यात कपड्यांचं गाठोडं धुवायला घरी आणलेलं असतं. ही मुलं कुठं जातात?

ज्यांची मुलं शिकायला बाहेर गेली आहेत आणि ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे, त्यांनी जवळच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला थँक्सगिव्हिंगच्या आधीच फोन करावा. खाण्याचं काय चालतं ते विचारून घ्या. वरण-भात बहुतेकांना चालतोच. युद्धाबद्दल आपण होऊन विचारू नका. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. आणि 31 डिसेंबरच्या रात्री शेजारी फटाके उडवणार असतील, तर ते त्याला दुपारीच सांगून ठेवा.