कुदळ किती खोल मारायची?



संपादक मंडळाच्या बैठकीत एकीने एक छायाचित्र आणलं होतं. गणवेशातल्या सात-आठ बायका, हातात मेटल डिटेक्टर, मागे हिरवे डोंगर. ठिकाण लाओसमधला शिएंग ख्वांग प्रांत. युद्धात पडून न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणारी ही फक्त बायकांची तुकडी. मुखपृष्ठावर हेच घ्यायचं, असं लगेच ठरलंही. मग कुणीतरी विचारलं, "या बायका जमीन साफ करतात ती कुणाची? आणि कुठली आधी करायची, हे कोण ठरवतं?" छायाचित्र टेबलावर तसंच राहिलं आणि बैठक दीड तास लांबली. त्या चर्चेतलंच इथे लिहिते आहे.

लाओस हा व्हिएतनामच्या शेजारचा, डोंगरांचा आणि भाताचा छोटा देश. १९६२ च्या जिनिव्हा करारात त्याची तटस्थता मोठमोठ्या देशांनी मान्य केली होती. तरी १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने तिथे वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या फेऱ्या झाल्या ५ लाख ८० हजार. सरासरी काढली तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब. आणि हे सगळं अमेरिकेतल्या लोकांपासून लपवून. व्हिएतनामवर नेलेले पण न वापरलेले बॉम्ब थायलंडच्या तळावर परतताना वाटेत लाओसमध्ये रिकामे केले जात. उतरताना ओझं नको, म्हणून. ज्यांच्यावर ते पडले त्यांच्याशी या विमानांचं भांडणसुद्धा नव्हतं.

यातले पुष्कळसे क्लस्टर बॉम्ब होते. एक मोठा डबा हवेत उघडतो आणि त्यातून चेंडूएवढे सहाशेहून जास्त छोटे बॉम्ब गावभर, शेतभर पसरतात. लाओसमध्ये असे २७ कोटींहून जास्त टाकले गेले आणि त्यातले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. म्हणजे सुमारे आठ कोटी मातीत राहिले. तिथले लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. ऐकायला बाहुलीचं नाव वाटावं! मुलं ते चेंडू समजून उचलतात. युद्ध संपल्यानंतर यातून मेलेले आणि जखमी झालेले मिळून वीस हजारांच्या वर जातात.

पण मेलेल्यांच्या आकड्यात न दिसणारीही एक गोष्ट आहे. या भागातले शेतकरी कुदळ खोल मारत नाहीत. माती वरवर खरवडतात. खोल नांगरलं तर पीक चांगलं येईल हे त्यांना ठाऊक आहे, पण नांगराच्या फाळाखाली काय आहे ते ठाऊक नाही. नवी भातखाचरं काढता येत नाहीत, पाटाला चर खणता येत नाही. डोंगरउतारावर झाडोरा जाळून भात पेरायची तिथे रीत आहे. आपल्याकडे कोकणात राब भाजतात, तसंच काहीसं. त्या आगीने जमीन तापते आणि आतला बॉम्ब फुटतो. अंगणात पेटवलेल्या शेकोटीखाली फुटतो. चुलीखालीही फुटतो. युद्ध १९७५ मध्ये संपलं असं इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चूल पेटवणाऱ्या बाईला ते संपल्याचं कुणी सांगायचं?

अपघातांच्या नोंदींत पुरुष आणि मुलगे जास्त दिसतात. ते खरंही आहे. नांगरट, भंगार गोळा करणं, शिकार ही कामं बहुतेक त्यांचीच. यावरून बायकांचा प्रश्न दुय्यम ठरवणारे कागद मात्र आपल्याला पटत नाहीत. ज्याचे दोन्ही हात गेले त्याला भरवायचं कुणी? डोळे गेलेल्या मुलाला शौचाला नेणारी कोण? त्याचं शेत कुणी करायचं, तालुक्याच्या दवाखान्यात पदरमोड करून कोणी न्यायचं? हे काम कुठल्याच तक्त्यात मोजलेलं नाही. व्हिएंतियान या राजधानीत १९९७ पासून कृत्रिम हातपाय बसवून देणारं एक केंद्र आहे आणि त्याचं काम मोठं आहे. पण डोंगरातल्या गावातून तिथवर जायचं तर सोबतीला घरातली एक बाई लागते. मग तितके दिवस मागच्या घराचं काय होतं, ते आपण सगळ्याजणी जाणतोच.

आता मूळ प्रश्न. जमीन साफ करण्याचं काम फार सावकाश चालतं. दोऱ्या लावून शेताच्या पट्ट्या आखायच्या, एकेक पट्टी डिटेक्टर फिरवत चालायचं, आवाज आला की थांबायचं, बाजूने हलक्या हाताने माती सारायची. दहादा खिळा किंवा पत्र्याचा तुकडा निघतो. अकराव्यांदा बॉम्बी. गावाला कर्ण्यावरून सूचना द्यायची, गुरं हाकलायची, वाळूच्या पोत्यांआड तो उडवायचा. लाओसची राष्ट्रीय यंत्रणा १९९६ पासून हे करते आहे, परदेशी संस्थाही करतात, आणि अजून कितीतरी पिढ्या पुरेल एवढं बाकी आहे. म्हणजे 'आधी कुठलं' हा इथे जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

गावात विचारायला माणसं येतात तेव्हा बोलतो गावप्रमुख, आणि तो बहुतेक पुरुष असतो. तो सांगतो शाळेचं पटांगण, रस्ता, मोठ्या शेतकऱ्याचं खाचर. यातलं काही चूक नाही. पण बायकांना वेगळं बसवून विचारलं की दुसराच नकाशा तयार होतो: पाण्याची वाट, सरपणाचं रान, बांबूचे कोंब आणि अळंबी मिळते ती उतरण, ज्यावर टंचाईच्या महिन्यांत घर तगतं. हे रान कुणाच्या नावावर नाही, म्हणून यादीतही नाही. सर्वेक्षणाला बाई आली तर हे बोललं जातं, हे अनुभवाने काही संस्थांना कळलं आणि त्यांनी गावांशी बोलायला बायका नेमल्या. बॉम्ब काढणाऱ्या बायकांच्या छायाचित्रापेक्षा ही वही घेऊन बसलेली बाई आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तिचं छायाचित्र मात्र कुणी काढत नाही.

त्या तुकडीचं मोल यामुळे कमी होत नाही. गावातल्या दुसऱ्या कामापेक्षा इथे बऱ्याचदा बरा पगार मिळतो, प्रशिक्षण मिळतं, बाई निर्णय घ्यायला शिकते. पण त्यांना 'रणरागिणी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या कित्येक दिवस रानात तळ ठोकून राहतात, लेकरं आजीकडे. नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट परक्या देशाच्या अंदाजपत्रकावर. २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा लाओसला गेले, तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर देऊ म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच देशाच्या नव्या सरकारने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली आणि जगभरच्या सुरुंग-बॉम्ब काढण्याच्या कामांनाही थांबण्याचा हुकूम गेला. ज्याने टाकले त्याने उचलावेत, ही साधी गोष्ट दानधर्माच्या खात्यात टाकली की असं होतं. दान केव्हाही बंद करता येतं.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला, २०१० पासून लागू आहे. लाओस त्यात पुढे होता. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान त्यात नाहीत. आपला भारतही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला पुन्हा हेच बॉम्ब दिले. २०२५ मध्ये लिथुआनिया या करारातून बाहेर पडला. सही करून मागे फिरलेला तो पहिलाच देश.

बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, हे फार लांबचं आहे. तेव्हा वर्ध्याच्या मैत्रिणीने पुलगावची आठवण काढली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहाजण गेले. त्यात रोजाने आलेले आसपासचे मजूर होते. देवळालीला, अहिल्यानगरजवळ सैन्याच्या गोळीबाराच्या सरावाची मैदानं आहेत. तिथल्या कडेच्या गावांत भंगार कोण वेचतं, कशासाठी वेचतं आणि ते घरी आणल्यावर कुठे ठेवतं, यावर आपल्या अंकात आजवर एकही लेख आलेला नाही. ही आमची चूक आहे.

त्या भागातल्या मैत्रिणींनी लिहावं. लिहिता येत नसेल तर कळवा, आम्ही येऊन बसू आणि लिहून घेऊ. छायाचित्र आत, सहाव्या पानावर घेतलं आहे. मुखपृष्ठ या वेळी कोरंच ठेवलं आहे.