यंदा टिश्यू की कंद?

दिवाळीच्या सुमारास फैजपूर-यावलकडे केळीच्या कांदेबागाची लागवड चालू असते आणि चहाच्या टपरीवर एकच विचारणा : यंदा टिश्यू की कंद? म्हणजे, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं लावायची की मुनव्यांचे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलांचे, कंद? फैजपूर म्हटलं की बाहेरच्यांना १९३६ आठवतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. आठवावंच. पण इथल्या केळीची लागवड ज्यांच्या शोधांमुळे बदलली, त्यांची नावं गावात कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग ‘झाड वाढतं कसं?’ या प्रश्नाला दिला आहे.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवून टाकलं. मोजमाप चोख, निष्कर्ष अर्धवट! हवा आणि उजेड त्याच्या हिशेबात नव्हतेच. उजेडाचं काम इंगेनहाउझ या संशोधकाने १७७९ मध्ये दाखवलं.

आपल्या बागेशी थेट नातं मात्र हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. एका सुट्या पेशीतून अख्खं रोप उभं राहू शकेल, असं त्याने १९०२ मध्ये मांडलं. त्याच्या बाटल्यांतल्या पेशी काही विभागल्या नाहीत. वाढीची संप्रेरकंच तोवर कुणाच्या हाती लागली नव्हती. त्यांतलं ऑक्झिन पुढे सापडलं. १९५५ मध्ये अमेरिकेत मिलर आणि स्कूग यांना पेशी विभागायला लावणारं कायनेटिन मिळालं, तेही हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या जुन्या डीएनएतून! दोन वर्षांनी त्यांनी तंबाखूच्या पेशींवर प्रमाणाची किल्ली दाखवली : कायनेटिन जास्त तर कोंब, ऑक्झिन जास्त तर मुळं. मुनव्याच्या कंदातला वाढता शेंडा काढून, कोंबाला कोंब फोडत, एकापासून शेकडो रोपं करणाऱ्या आजच्या प्रयोगशाळा याच हिशेबावर चालतात.

टिश्यूच्या रोपांची बाग एकसारखी निसवते, घड जवळपास एकाच वेळी कापणीला येतात. हा फायदा खराच. पण मातृझाडात हरण्या रोगाचा विषाणू असेल, तर बाटली त्याच्याही प्रती काढत बसते. इतका साधा धोका रोपांच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही, याचा आम्हाला राग आहे. टिश्यू लावाच, पण रोपांच्या बिलासोबत मातृझाडाच्या विषाणू-तपासणीचा दाखलाही मागा. नसेल तर दुसरी रोपवाटिका गाठा.



— संपादक