दहावीनंतर पुढे काय? : वीजतंत्री व्हायचंय!

दोस्तांनो, या वेळी टपालात आलेल्या एका पत्रानं मला विचारात पाडलं. दहावीतला मुलगा आहे. लिहितो, “काका, शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवरचे सगळे लाइट मी लावले. मला वायरमन व्हायचंय. बाबा म्हणतात, इंजिनियर हो, नाहीतर काही होऊ नकोस. आमच्या गावचा वायरमन म्हणतो, शाळा सोड नि उद्यापासून माझ्याबरोबर ये, रोजचे पैसे देतो. मी काय करू?”

आधी त्या वायरमनदादांचं बघू. हात त्यांचा चांगला असेल, शिकवतीलही मनापासून. पण मेन स्विच बंद न करता, पायात स्लीपर घालून खांबावर चढणारे दादा मी पाहिलेत. घरातली वीज २३० व्होल्टची. चूक झाली, तर ती दुरुस्त करायची संधी मिळतेच असं नाही. अशा कामावर पंधराव्या वर्षी रोजंदारीनं जाऊ नकोस. पैसे मिळतील, पण पाच वर्षांनी हातात कागद नसेल. घराच्या नव्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवाना असलेला ठेकेदारच देऊ शकतो, आणि त्याशिवाय मीटर मिळत नाही. म्हणजे काम तू करणार आणि सही दुसऱ्याची.

मग रस्ता कुठला? आयटीआय. दहावी पास झालास की ‘वीजतंत्री’ म्हणजे इलेक्ट्रिशियन या ट्रेडला प्रवेश मिळतो. कोर्स दोन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात आणि या ट्रेडला गर्दी फार, त्यामुळे ‘आयटीआयलाच तर जायचंय’ म्हणून दहावीत ढिलाई नको. गणित आणि विज्ञान तर लागणारच. ओहमचा नियम तिथं फळ्यावर नसतो, वायर गरम झाली की हाताला कळतो!

तिथं पहिल्याच दिवशी मोटार खोलायला मिळेल असं वाटत असेल, तर थांब. सुरुवात होते पक्कड धरण्यापासून. वायर सोलायची, तीही आतल्या तारेला ओरखडा न पाडता. मग जोड. साधा पिळा मारून टेप गुंडाळला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण जोड सैल राहिला की तो तापतो आणि आग लागते ती तिथूनच. म्हणून मॅरीड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट असे जोड पुन्हा पुन्हा करून घेतात. पुढे जिन्याचं वायरिंग. खालच्या बटणानं दिवा लावायचा, वरच्या बटणानं बंद करायचा. दोन टू-वे स्विच आणि थोडं डोकं. कागदावर आकृती काढून बघा बरं, जमते का! (आई-बाबांनीही बघायला हरकत नाही.) शेवटी अर्थिंग, मोटारचं वाइंडिंग, स्टार-डेल्टा स्टार्टर. मुलीही हा ट्रेड घेतात बरं का, त्यामुळे बहिणीचा अर्ज भरताना नाक मुरडू नका.

आयटीआय झाल्यावर खरी गंमत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. वर्षभर कारखान्यात शिकायचं आणि वर विद्यावेतन घ्यायचं. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा आयटीआय झालेल्यांसाठी ते महिन्याला किमान ७,००० रुपये ठरलं होतं. नाव केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवता येतं. रेल्वेच्या कारखान्यांत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड होते. माझगाव डॉक तर दहावी झालेल्या मुलांनाही शिकाऊ म्हणून घेतं, तिथली जाहिरात चुकवू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, आणि वर्ष संपल्यावर त्याच कंपनीनं नोकरी द्यायला हवी असं बंधन कायद्यात नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका कारखान्यात पहिले तीन महिने चहा आणायला नि फायली पोहोचवायला लावलं. पोरगं गप्प बसलं नाही. रोज काय शिकलो ते त्याला वहीत लिहायचं असे. त्यानं तिथं खरंखुरं लिहिलं, ‘आज चहा आणला.’ ती वही सुपरवायझरसमोर सहीला गेली आणि दुसऱ्या आठवड्यात तो पॅनेलवर होता. करारनामा नोंदवलाय ना, हे मात्र पहिल्या दिवशीच विचारा. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत, रेल्वेत अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात, तिथं ते उपयोगी पडतं.

आपल्या राज्यात महावितरण ‘विद्युत सहाय्यक’ भरते. त्यासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा आयटीआय लागतो. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत अशा ५,३४७ जागा होत्या. पण अशी भरती दरवर्षी निघत नाही आणि अर्ज ढिगानं येतात, म्हणून तिच्याच भरवशावर घरी बसू नये. अनुभव घेऊन वायरमनचा परवाना काढावा, पुढे ठेकेदाराचा. सोसायट्यांची, दुकानांची, शेतातल्या पंपांची कामं कुठंच थांबलेली नाहीत.

आता बाबांसाठी दोन ओळी. साहेब, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथून इंजिनियरिंगचीही वाट आहे. म्हणजे तुमचं म्हणणं मोडीत निघत नाही, फक्त पोरगा तिथं हातात पक्कड घेऊन पोहोचेल. सोळाव्या वर्षी आयटीआय, अठराव्या वर्षी अप्रेंटिस, एकोणिसाव्या वर्षी दोन प्रमाणपत्रं. हा हिशेब एकदा त्याच्यासोबत बसून करा.

आणि तू रे, गॅदरिंगवाल्या! स्टेजवरचे लाइट लावताना अर्थिंगची वायर जोडली होतीस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. पुढच्या पत्रात कळव.

पुढच्या अंकात फिटरबद्दल.

— तुमचा काका