आठवणींचे दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे वाळवीच्या तोंडून सोडविली. १९२६ साली धुळ्यास त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. परंतु कागद माळ्यावर शंभर वर्षे वाट पाहतो. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही. १९७१ च्या युद्धातील विशीचे जवान आज सत्तरीपलीकडे गेले आहेत. युद्धाच्या तारखा ग्रंथांत मिळतील. खंदकातील रात्र आणि न परतलेला सोबती यांची कथा त्यांच्याच मुखातून ऐकावी लागेल. मुलांनो, जळगाव-धुळ्याकडील तुमच्या गावी असा वृद्ध सैनिक असेल, तर वही घेऊन त्याच्यापाशी बसा. तो अहिराणीत बोलला, तर अहिराणीतच लिहा. तो बोलू लागेपर्यंत धीर धरा. जाण्यास मात्र विलंब लावू नका.