कावीळ कुठून आली, डॉक्टर?

मागच्या रविवारी नातू जेवायला आला होता. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाढता वाढता सहज विचारलं, "काय रे, २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली होती, ती कशाची?"

"हिपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून पसरतो. गरोदर बायकांना फार धोका." फाडफाड उत्तर. मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

"पाणी कुणी दूषित केलं?"

आता पठ्ठ्या भाकरीचे तुकडे मोडत बसला. म्हणाला, "आजी, ते परीक्षेला येत नाही."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. त्या साथीत हजारो आजारी पडले, माणसं दगावली. कोल्हापूरचं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं आणि नदी पुढे इचलकरंजीकडे, मग नृसिंहवाडीला कृष्णेत. आपण वरच्या अंगाला, ते खालच्या. एवढा भूगोल मी सातवीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे. उद्याच्या डॉक्टरला तो नको?

तो म्हणतो, पर्यावरणाचा धडा आहे की पुस्तकात. असेल! पण तो एका कोपऱ्यातल्या विषयात, आणि त्या विषयाकडे पोरं कशी बघतात ते मी ऐकून आहे. कावीळ मेडिसिनच्या वॉर्डात शिकायची आणि नदी दुसऱ्याच इमारतीत. दोघींची भेट होतच नाही.

यावर कुणी म्हणेल, मग पर्यावरणाचा वेगळा पेपर काढा. नको, बाबांनो! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे शाळा-कॉलेजांत तो विषय आला. काय झालं त्याचं? प्रकल्पवह्या. एकीवरून दुसरीने उतरवलेल्या, झाडाची चित्रं चिकटवलेल्या. मला कळायचं आणि तरीही मी सह्या करायचे. शेकडो वह्यांवर माझी सही आहे. (माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, हसू नका, तुमच्याही वह्या त्यात होत्या.) म्हणून सांगते, वेगळा पेपर म्हणजे विषय मारायची सरकारी पद्धत.

त्यापेक्षा कावीळ शिकवताना नदी शिकवा. दमा शिकवताना धूर शिकवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. पूर ओसरल्यावर लेप्टो, जुलाब, सापाचे दंश, हे सगळं आपल्याच जिल्ह्यात. दुसरीकडची उदाहरणं हवीत कशाला?

"अभ्यासक्रम आधीच डोईजड आहे" असं प्राध्यापक मंडळी म्हणतात. मान्य. पण २०२२ पासून या विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायला लावतातच ना? रक्तदाब मोजतात, उंची-वजन लिहितात. मग शिरोळच्या एखाद्या घरात बसून विचारा की, पाणी कुठून भरता, वर कुणाचा नाला येतो, चुलीचा धूर कुठे जातो. याला नवा तास लागत नाही. आणि त्यावर तोंडी परीक्षेत एक प्रश्न टाका. विचारलं की पोरं शिकतात, हे पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून मला पक्कं ठाऊक आहे.

डॉक्टरचं काम औषध देणं, नदी साफ करणं नव्हे, असंही ऐकलं. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. जंतू कुणाला नीट ठाऊकही नव्हता तेव्हा! आज जंतूचं नाव पाठ आहे, पंप मात्र कुणी शोधत नाही.

असो. नातवाला म्हटलं, पुढच्या रविवारी तुझ्या गाडीवरून जयंती नाला पंचगंगेला मिळतो तिथे जाऊ. म्हणाला, "वास येतो गं आजी तिथे." म्हटलं, नाकाला रुमाल बांध आणि चल.